न ऐकलेला उत्तररंग

"बाबा, खरं सांगा हं. शेवटी तुमची चाल सोडून मी माझी घेतली. चाललं ना?"

वल्लरीने विचारलं आणि कोपऱ्यात बसलेला देवव्रत दचकला. सकाळीच तो बुवांची माफी मागायला आला होता. पण वल्लरीला समोर बघून त्याने लॅपटॉप उघडला आणि त्यात डोकं खुपसलं. आता बुवा सांगणार, की कालच्या कीर्तनाचं प्रक्षेपण पूर्वरंगानंतर बंदच पडलं.

यज्ञेश्वरबुवा उशीवरून लेकीकडे बघत राहिले. पक्षाघात झाल्यापासून गंगापूर रोडवरची ही खोलीच त्यांचं देऊळ झाली होती. लेकीचं पहिलंवहिलं कीर्तन ते देवव्रताच्या भरवशावर फोनवर ऐकणार होते.

"उत्तम झालं," बुवा म्हणाले. "तशीच म्हणत जा."

वल्लरीचा चेहरा असा फुलला, की देवव्रताला तो बघवेना. ती चहा टाकायला आत गेली.

"बुवा, तुम्ही तर..."

"चूप! तिचं तोंड बघितलंस ना? मग झालं तर."

देवव्रत एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून. देवळातलं कीर्तन घरी अडकलेल्यांपर्यंत पोचवायचं, ही त्याची सेवा. जुन्या लॅपटॉपवर त्याने लिनक्स घातलं होतं. गडी कामाला चोख. पण झाकण मिटलं की झोपायचा, आणि उठल्यावर वाय-फायला ओळखच द्यायचा नाही. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं तरच ताळ्यावर यायचा. आज बघू, उद्या बघू करत देवव्रताने एकच इलाज ठेवला होता : झाकण मिटायचंच नाही.

काल पूर्वरंग संपला. वल्लरीला हार घातला, बुक्क्याचं ताट फिरू लागलं आणि पंख्याच्या वाऱ्याने बुक्का थेट कीबोर्डवर! देवव्रताने चटकन झाकण मिटलं. उत्तररंगाला उघडलंही. पण पोरीने आख्यान असं काही उभं केलं, की पडद्याकडे बघायचं भानच त्याला राहिलं नाही. डोळे पुसत ऐकत राहिला. आरतीला उठला तेव्हा दिसलं, की झाकण मिटल्यापासून प्रक्षेपण बंदच होतं. ज्याच्यासाठी पान वाढलं तो उपाशी, आणि वाढपी पोटभर जेवून मोकळा.

आता तो खालमानेने खटपट करत होता. दुखणं साधंच निघालं. मशीन झोपण्याआधी वाय-फाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उतरवायचा, जाग आली की पुन्हा चढवायचा. तेवढं करणारी छोटीशी स्क्रिप्ट त्याने लिहून ठेवली. झाकण मिटलं, उघडलं. वाय-फाय मुकाट जोडलं गेलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. जोडलं. चहा उकळेपर्यंत होणारं काम, आणि आपण वर्षभर ढकललं! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"झालं का रे?" बुवांनी विचारलं.

"झालं. बुवा, तिला सांगा ना. पुन्हा म्हणेल ती."

"आता कोणत्या तोंडाने सांगू? ऐकलं म्हणालो ना!" बुवांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाले, "कशी रे चाल घेतली तिने?"

देवव्रताने तोंड उघडलं. पण त्याला कुठलं गाता येतंय! तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वल्लरी, काल उत्तररंग बाबांपर्यंत पोचलाच नाही. मशीन दगा देतं हे मला ठाऊक होतं. आणि मी ऐकण्यात एवढा रमलो, की बघितलंसुद्धा नाही."

तिच्या हातातली गाळणी थांबली. "आणि हे आत्ता सांगताय, काका?"

"हो."

गॅस बंद करून ती बाहेर आली.

"बाबा, जन्मभर हरिश्चंद्राचं आख्यान लावलंत ना तुम्ही?"

बुवा ओशाळले. "त्याला रोहिदास होता गं. लेक नव्हती."

वल्लरीला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. तिने पदर खोचला, खुंटीवरच्या झांजा काढल्या.

"पेटी नाही, तबला नाही. चालेल?"

"थांब. देवव्रता, मला बसव."

"बुवा, त्रास होईल..."

"आडवं पडून कीर्तन ऐकतात होय रे? उचल. आणि टोपी दे."

देवव्रताने त्यांना उठवलं, टोपी घातली आणि पाठीला आपली छाती देऊन तो मागे बसला. वल्लरीने डोळे मिटून सूर लावला. बुवांचा डावा हात काही उठेना. त्यांनी देवव्रताचा तळहात ओढून समोर घेतला आणि त्यावर आपल्या उजव्या हाताने टाळी धरली.