आईची पाकिटं

सलूनवाल्याच्या लेकीच्या डोक्याला चाई पडावी, यासारखी नामुष्की नाही, असं तिचं तिलाच वाटे. बाबांची हयात लोकांची डोकी हाताळण्यात गेली, आणि त्यांच्याच घरात ती रुमाल गुंडाळून वावरायची. विचारलं की सर्दी पुढे करायची.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. अंगातली राखणदार फौजच केसांच्या मुळांवर उलटली आहे. रक्तात ड जीवनसत्त्वही फार कमी आहे, ते भरून काढू. आठवड्याला एक पाकीट दुधातून घ्यायचं. "पण त्यानं केस येतीलच असं नाही हं!" हे शेवटचं तिनं कानाआड केलं.

तीच पाकिटं आईच्या कपाटात होती, हाडांसाठी दिलेली. आई गेल्यापासून बाबा त्या कपाटातल्या चष्म्यावरची धूळही पुसू देत नव्हते. स्वतःची संपल्यावर तिनं आईची काढली. आठवड्याचं औषध रोज. तहान भागेना, अन्न पोटात ठरेना, तरी घेतच राहिली.

एका सकाळी बाबा रिकामं खोकं हातात घेऊन उभे.

"मीच फेकली की काय? डोकं फिरलंय माझं. तिची एवढीशी वस्तू सांभाळता येईना!"

गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं.

"मी घेतली, बाबा."

"तू? तुला कशाला?"

तिनं रुमाल सोडला. बाबांची बोटं सवयीनं गुळगुळीत चकत्यांच्या कडेकडेनं फिरली.

"रोज घेत होतीस?"

"हो."

"अगं, शहाणी ना तू? तुझी आईही अशीच उतावळी. म्हणून तर तिची पाकिटं मी माझ्या हातानं द्यायचो." ते किंचित हसले. मग म्हणाले, "रात्री भिंतीपलीकडून तुझं रडणं ऐकू यायचं. वाटायचं, चला, तुझ्या आईसाठी रडणारा मी एकटा नाही. धीर यायचा गं."

तिची मान खाली गेली. आईला नेलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. उशीवरचे केस पाहून मात्र ती ऊर फुटेस्तोवर रडली होती.

"तिच्यासाठीच ना?" बाबांनी विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तिनं नकारार्थी मान हलवली.

बाबांनी खोकं जागच्या जागी ठेवलं, कपाट लावलं. तिच्याकडे न बघता म्हणाले,

"चपला घाल. आधी डॉक्टरांकडे जाऊ."