हळदीचे हात आणि आमगावचा समुद्र

मित्रांनो, मी जुनी झाले आहे, पण कुठूनही गळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण जुनं म्हटलं की लोक लगेच खाली बोट लावून ओल शोधतात! मी आमगावच्या जीवनलाल पटलेंच्या घरातली मासे ठेवायची काचेची टाकी. गोंदियात आरसे कापून देणाऱ्या एका दुकानात माझा जन्म झाला. जीवनलालांचा मुलगा उमेंद्र तेव्हा शाळेत होता. त्यानं हट्ट करून मला घरी आणलं.

सुरुवातीला माझ्यात साध्या पाण्यातले मासे होते. मग उमेंद्र शिकायला बाहेर गेला आणि माझ्यात कांदे आले. हो, कांदे! कितीतरी दिवस मी माळ्यावर कांद्यांचा वास घेत पडून होते. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे उमेंद्र नौदलात लागला. पहिल्या सुट्टीत त्यानं मला खाली उतरवलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि माझ्यात चक्क समुद्र तयार केला. खास मीठ, नागपूरहून आणलेले भोकाभोकांचे दगड, पाणी फिरवणारा पंप, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि लांब मिशांची एक कोळंबी. आमगावात समुद्र! शेजारपाजार बघायला लोटला आणि मी मनातल्या मनात फुगले.

जाताना उमेंद्र हसत म्हणाला, "आई, याच्याकडे पाहत जाजो. हे खुशाल आहेत तोवर मी बी तिकडं खुशाल आहो, असं समज."

फुलवंताबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, ते खरंच मानलं. जन्मभर धान रोवलेल्या त्या बाईनं कधी समुद्र पाहिला नव्हता. पण माझं पाणी आटलं की साधं पाणी टाकायचं, मीठ आतच राहतं, हे त्यांना पाठ झालं. सकाळी देवाला दिवा लावला की त्या आधी माझ्यासमोर येऊन उभ्या राहत.

आता ऐका. २००९ च्या मे महिन्यात उमेंद्रच्या बहिणीचं, योगेश्वरीचं लग्न निघालं. दारात मांडव पडला. उमेंद्र गाडीत बसला होता, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. हळदीच्या दिवशी दुपारी असं वादळ सुटलं की तारांवर झाड कोसळलं आणि लाइन गेली. माझा पंप थांबला. मी घाबरले नाही, कारण माझ्यासाठी वेगळा इन्व्हर्टर होता. पण तो जागेवरच नव्हता!

"अवं आई, मासे वरतं येऊन तोंड मारून राहिले!" योगेश्वरी ओरडली.

फुलवंताबाई धावत आल्या. "इन्व्हर्टर कुठी गेला जी?"

जीवनलालांनी मान खाली घातली. "सकाळीच मांडवातल्या पंख्यायसाठी नेला. पाहुण्यायले गरम होऊन राहिलं होतं. आता बॅटरी बी संपली."

तेवढ्यात योगेश्वरीनं काय करावं? पाणी हलवायला दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्यात घातले! अंगाला नुकतीच तेल-हळद लागलेली. माझ्या पाण्यावर पिवळी तेलकट साय पसरली. आधीच हवा नाही, त्यात वरून झाकण बसलं.

"हात काढ! काऊन घातले हात? तेल हाय न हाताले!" फुलवंताबाई ओरडल्या.

"मी त वाचवून राहिली होती," म्हणत पोरगी रडायलाच लागली.

फुलवंताबाईंनी तिला बाजूला केलं. वरणावरचा तेलाचा तवंग जसा अलगद उचलतात, तसा त्यांनी पाण्यावर कोरा कागद पसरला आणि उचलला. मग दुसरा, मग तिसरा. तेल निघालं. मग हात साबणानं धुऊन त्यांनी लोटा घेतला. पाणी उचलायचं आणि उंचावरून आतच सोडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हात भरून आले तेव्हा मांडवातल्या बाया उठल्या. रोवण्याच्या वेळी जशी पाळी लावतात तशी त्यांनी रात्रभर पाळी लावली. हळदीचं गाणं अर्धवट राहिलं होतं, तेच गात त्यांच्या हातातला लोटा खालीवर होत होता. उकाड्यानं माझं पाणी तापलं होतं, म्हणून सरबताचा बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा माझ्यात तरंगत ठेवला. असा थाट कुठल्या समुद्राच्या वाट्याला आला असेल, सांगा बरं!

सकाळी लाइन आली. जीवनलाल बादली घेऊनच आले. "सगळं पाणी फेकून देऊ, बोअरचं भरू. धानाच्या बांधीतलं पाणी सडलं त आपण सोडूनच देतो न."

"धान नाही जी हे!" फुलवंताबाई आडव्या झाल्या. "बोअरचं पाणी लागलं त दगड बी मरतीन. पाणी साफ करणारे बारीक जीव त्यायच्यातच राहतात."

त्यांनी आधी पंपाच्या गाळणीत साचलेलं घाण पाणी बाहेर फेकलं, मगच पंप सुरू केला. माझं थोडंसंच पाणी काढून त्याजागी पिंपात कालवून ठेवलेलं खारं पाणी घातलं. लहान मुलं बुंदी टाकायला आली, त्यांना हाकललं. त्या दिवशी लग्नघरात उपाशी होते ते माझे मासे आणि नवरी!

मासे हळूहळू तळाकडे फिरू लागले. पण दगडामागे कोळंबी मरून पडली होती. फुलवंताबाई ती हातात घेऊन खाली बसल्या. उमेंद्रचा फोन कालपासून लागत नव्हता. त्यांच्या मनात काय आलं ते मला काचेतून दिसत होतं. बाहेर बँड वाजत होता आणि माझ्यासमोर आई हुंदके देत होती.

वरात दारात यायच्या आधी उमेंद्र आला. वादळानं गाडी वाटेतच अडकली होती, फोन बंद पडला होता.

"तुले काही झालं त नाही न?" त्याला चाचपत फुलवंताबाईंनी विचारलं. "कोळंबी गेली रे. मी नाही वाचवू शकली."

"अवं आई, ते त मी गमतीनं बोललो होतो!"

"गमतीनं?" त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्यालाच घट्ट धरून रडल्या. मीही रडले असते, पण टाकीला रडता येत नाही. लोक लगेच गळतेय म्हणतील.

उमेंद्रनं माझ्या काचेला बोट लावलं, तर मासे हललेच नाहीत. फुलवंताबाईंनी लावताच दोघेही धावत आले. "आता हे तुहेच झाले, आई," तो म्हणाला.

पाठवणीच्या वेळी योगेश्वरीनं रीतीप्रमाणे भिंतीवर हळदीच्या हाताचा ठसा उमटवला. मग ती माझ्याकडे आली. तिनं आत हात घातला नाही. बाहेरच्या काचेवर तळवा टेकवला, आईकडे पाहिलं आणि निघाली.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी टाकी तुमच्या घरी असेल, तर तिचा इन्व्हर्टर तिच्यापाशीच राहू द्या आणि आत हात घालण्याआधी तो स्वच्छ धुवा. फुलवंताबाई अजूनही रोज माझी काच पुसतात. चारी बाजूंनी पुसतात, फक्त तो पिवळा हात तेवढा सोडून.