आप्पांच्या गाडीचं वर्गीकरण

ग्रंथपालांनी गाडी खोलली, याला तसं पाहिलं तर त्यांची बायकोच जबाबदार होती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती तीन महिने परगावी गेली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "गाडीला हात लावू नका." ग्रंथपालांनी एकतीस वर्षं वाचनालयात 'मासिकांची पानं फाडू नयेत' अशा पाट्या लावल्या होत्या. पाटी वाचल्यावरच माणसाला कल्पना सुचते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

गाडी बायकोच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. बिस्किटी रंगाची, दोन दरवाजांची, चार माणसं दाटीवाटीने मावणारी. आप्पांनी ती चाळीस वर्षं घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी चालती ठेवली होती. आप्पा गेले आणि गाडी लेकीकडे आली. बायको दर रविवारी ती चालवायची आणि ग्रंथपाल शेजारी बसायचे. त्यांना गाडी चालवता येत नसे, आणि ही गोष्ट आप्पांनी त्यांना कधी विसरू दिली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आप्पांनी बॉनेट उघडून त्यांच्या हातात टॉर्च दिला होता. पाच मिनिटांनी तो काढून घेतला आणि आत हाक मारली, "तूच ये गं. जावईबापूंना पेपर द्या." त्यानंतर जावईबापूंना सत्तावीस वर्षं पेपर मिळत राहिला.

आता गाडी सकाळी सुरू होताना खोकत होती. बायको परतली की मिस्त्रींना दाखवायचं ठरलं होतं. ग्रंथपालांना वाटलं, त्याआधी आपण नुसता कार्ब्युरेटर साफ करून ठेवला तर? ती येईल, किल्ली फिरवेल, गाडी पहिल्या झटक्यात सुरू होईल. ती विचारेल, "हे कोणी केलं?" आणि आपण पेपरातून मान वर न काढता म्हणू, "काही नाही गं, जरा पाहिलं." हे वाक्य त्यांनी आरशासमोर दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. चांगलं जमत होतं.

कार्ब्युरेटरपर्यंत पोचायला आधी हवेची डबी काढावी लागली. डबी काढल्यावर तिच्याखालचा पाइप चिरलेला दिसला. पाइप काढताना हात जाईना, म्हणून रेडिएटर काढला. रेडिएटरमागे गंज दिसला. गंज कुठवर गेलाय हे बघायला नको का? एकेक वस्तू दुसऱ्या वस्तूला धरून बसलेली होती, आणि ग्रंथपाल कुणालाच नाही म्हणत नव्हते. सातव्या आठवड्यात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर नुसता सांगाडा उरला. इंजिन लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर होतं. मागची सीट दिवाणखान्यात आली होती, आणि तिच्यावर पडून वाचायला फार बरं वाटत होतं.

बायकोचा रोज फोन येई. "गाडी ठीक आहे ना?"

"जागेवरच आहे," ग्रंथपाल म्हणत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

इथवरची चूक कुणाही हौशी माणसाने केली असती. पुढची चूक करायला मात्र ग्रंथपालच हवा होता.

वाचनालयात संगणक आला तेव्हा पुस्तकांच्या कार्डांचं जुनं लाकडी कपाट भंगारात निघालं होतं. बहात्तर छोटे खण, प्रत्येकावर चिठ्ठी सरकवायला पितळी चौकट. ग्रंथपालांनी ते घरी आणून पॅसेजमध्ये ठेवलं होतं आणि सहा वर्षं त्यात काय ठेवावं याचा विचार करत होते. आता प्रश्न सुटला. गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू त्यांनी रॉकेलमध्ये धुतली, ब्रशने घासली, फडक्याने पुसून लख्ख केली, वहीत दाखलक्रमांक टाकून नोंदवली आणि जातवार लावली. बोल्ट सगळे एकत्र, लांबीच्या चढत्या क्रमाने. वॉशर एकत्र, भोकाच्या मापाने. स्प्रिंगा एकत्र, त्यात पुन्हा दाबायच्या आणि ताणायच्या असे दोन पोटविभाग. एकूण नग अकराशे सत्तेचाळीस. त्यांतला कुठलाही ते डोळे मिटून अर्ध्या मिनिटात काढून देऊ शकत होते. फक्त तो गाडीत कुठे होता, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुस्तक कुणाच्या घरातून परत आलं, हे काही कपाटावर लिहीत नाहीत.

हे त्यांच्या लक्षात आलं ते बायको परत यायच्या आदल्या आठवड्यात, जोडणीला सुरुवात करायची म्हणून पाना हातात घेतल्यावर. पाऊण तास ते पाना हातात धरून सांगाड्यासमोर उभे होते. मग आत येऊन त्यांनी हात धुतले.

मिस्त्रींना बोलावणं भाग होतं. मिस्त्री आले. त्यांनी शेड पाहिली, पॅसेज पाहिला, चार खण उघडून पाहिले.

"साहेब, दुकान एक नंबर आहे," ते म्हणाले. "गाडी कुठेय?"

"हीच."

मिस्त्रींनी एक बोल्ट उचलून उजेडात धरला. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता. "मळ तरी ठेवायचा. मळावरून कळतं कोण कुठला ते. फोटो काढलेत?"

ग्रंथपालांनी फोटो काढले होते. प्रत्येक वस्तूचा, धुतल्यानंतर, पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून. मिस्त्रींनी ते सगळे शांतपणे पाहिले. लग्नाचा अल्बम बघावा तसे.

"कंपनीचं पुस्तक आहे माझ्याकडे," ग्रंथपाल म्हणाले. "त्यात सगळी चित्रं आहेत."

"ते कंपनीच्या गाडीचं. ही आप्पांची. आप्पांनी तिच्यात कंपनीचं काय शिल्लक ठेवलंय?" मिस्त्री पायऱ्या उतरले. फाटकाशी वळून म्हणाले, "ताई आल्या की सांगा, मी हात लावलेला नाही."

गुरुवारी दुपारी बायको आली. पिशवी हातात घेऊनच ती आधी शेडमध्ये गेली, मग पॅसेजमध्ये आली. ग्रंथपाल पॅसेजमध्येच उभे होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी पद्धत समजावून सांगायला सुरुवात केली, आणि नाही म्हटलं तरी आवाजात थोडा अभिमान आलाच.

बायकोने ऐकून घेतलं. "डाव्या दरवाजाच्या बिजागऱ्या कुठे आहेत?"

"बिजागऱ्यांत."

"डाव्या कुठल्या, उजव्या कुठल्या?"

ग्रंथपालांनी खण उघडला. चार बिजागऱ्या, चारही चकचकीत. त्यांनी खण पुन्हा लावला.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आप्पांच्या हाताचं एवढं एकच उरलं होतं," आणि आत जाऊन पिशवी रिकामी करू लागली.

पुढचे दोन दिवस घरात बोलणं झालं नाही असं नाही. "दूध आलंय" हे झालं, "गॅस बंद करा" हेही झालं. मागच्या सीटवर मात्र ती बसली नाही. जेवताना खुर्ची ओढून पाठ त्या बाजूला करायची. ग्रंथपाल आपल्या घरात, दंड थकलेल्या सभासदासारखे भिंतीच्या कडेकडेने वावरत होते. आयुष्यात त्यांनी बरंच काही हरवलं होतं, छत्र्या, चष्मे, एकदा तर लेकीची मार्कशीट. पण हरवलेली वस्तू घरात, नंबर घालून, नीट लावून ठेवलेली असावी आणि तरी हरवलेली असावी, हा अनुभव नवीन होता.

शनिवारी बायको सुई-दोरा शोधत होती. पॅसेजमधल्या कपाटाचा सगळ्यात खालचा, शेवटचा खण तिने उघडला. वर चिठ्ठी होती, 'संकीर्ण'. आत निघाली एक पेन्सिलीचा तुकडा, शर्टाचं बटण, औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एक बारीक वळलेली स्प्रिंग. सतरा वस्तू. प्रत्येकीला दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधलेला.

"हे काय आहे?"

"ते काढून टाकायचं आहे," ग्रंथपाल लांबूनच म्हणाले. "गाडीचं नाही ते. पण रद्द करायचं म्हणजे तीन सभासदांच्या समितीचा ठराव लागतो, आणि इथे मी एकटाच."

बायकोने ती स्प्रिंग तळहातावर घेतली. कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: *ॲक्सिलरेटरच्या तारेच्या टोकाला, पेडलजवळ, दोन छोट्या बोल्टांच्या मधोमध.*

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. कुठल्याच जातीत बसेना, मग निदान कुठे सापडली ते तरी लिहावं म्हटलं."

बायको जमिनीवर बसली. "ही आईच्या शिलाई मशीनची आहे," ती म्हणाली. "आई आठवडाभर शोधत होती. माझ्या शाळेचा झगा तसाच अर्धा राहिला. आप्पा पण शोधू लागले होते तिच्याबरोबर. कपाटाखाली टॉर्च मारून." तिने पेन्सिल उचलली. "आणि ही माझी, हीही त्यांनीच गाडीत बसवली. गिअरच्या दांड्याखाली, हो ना?"

ग्रंथपालांनी कागद वाचला. "गिअरच्या दांड्याखाली. डावीकडे."

"तिथे टॉर्च मीच धरायचे. पेन्सिलीच्या पुढे एक जाड वॉशर होता, आणि मग लांब मानेचा बोल्ट. आप्पा त्याला जिराफ म्हणायचे." ती उठली. "जिराफ काढा."

लांब मानेचे बोल्ट पाच होते. ग्रंथपालांनी पाचही आणले. बायकोने शेडमध्ये नेऊन एकेक लावून पाहिला. तिसरा बसला.

मग ते काम दोन महिने चाललं. सतरा वस्तूंच्या सतरा जागा पक्क्या होत्या, आणि तिथून बायको हाताने चाचपत पुढे सरकायची. शेड आणि पॅसेज यांच्यामध्ये एक खिडकी होती. ती पलीकडून मागणी करायची, "अंगठ्याएवढा, डोकं चपटं, आटे अर्ध्यापर्यंतच." अर्ध्या मिनिटात खिडकीतून तीन नमुने यायचे. दोन परत जायचे. जो बसला त्याच्यासमोर ग्रंथपाल वहीत नवा रकाना भरायचे: जागा. डाव्या-उजव्या बिजागऱ्यांचा निकाल लागायला अख्खा एक रविवार गेला. ज्या जोडीत आप्पांनी एकदा चुकीचं भोक पाडून बुजवलं होतं, ती डावी. एक पाइप उलटा बसला आणि ग्रंथपालांच्या शर्टावर सगळं पाणी आलं. "तुम्ही का उभे होतात तिथे?" बायको म्हणाली. "टॉर्च धरून." "मग ठीक आहे. धरा."

आणि ती बोलायला लागली. आप्पा गेल्यापासून दोन वर्षांत तिने त्यांचं नाव घेतलं होतं ते फक्त कागदपत्रांवर सही करताना. आता गाडीखाली उताणी पडल्यावर तिचे पायच बाहेर दिसत आणि आवाज खालून येई. आप्पा परीक्षेला सोडायला निघाले आणि अर्ध्या वाटेत क्लचची तार तुटली. आप्पांनी आईशी भांडण झालं की गाडीत जाऊन बसायचं आणि आईने तिथे चहा नेऊन द्यायचा. ग्रंथपाल एका हाताने टॉर्च धरून ऐकत. टॉर्च हलला की खालून एक पाय जमिनीवर आपटला जायचा.

एका सकाळी इंजिन चौथ्या प्रयत्नाला सुरू झालं. खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. बायकोने थोडा वेळ ऐकलं. "आवाज वेगळा येतोय," ती म्हणाली.

ग्रंथपालांनी वही मिटली. "वाईट?"

"वेगळा. आधी आप्पांनी लावली होती, आता आपण लावलीय. बसा."

ग्रंथपाल नेहमीच्या जागेवर बसले. गाडी फाटकातून निघाली, गल्ली ओलांडली. मिस्त्री आपल्या दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी हात वर केला आणि खबरदारी म्हणून एक पायरी वर चढले. दुसऱ्या वळणावर रस्ता एकदम उताराला लागतो आणि थेट खालच्या चौकात जातो. तिथे बस, ट्रक, शाळेच्या रिक्षा, सगळ्यांची घाई एकत्र येते. बायकोने उताराच्या तोंडाशी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली.

"ब्रेक मी बसवलेत," ती म्हणाली.

"हो."

"पण नट तुम्ही दिलेत."

"हो."

"बघून दिलेत?"

हो म्हणणं सोपं होतं. ग्रंथपालांनी विचार केला. "तीन चाकांचे तीन-तीनदा तपासून दिले. मागच्या डाव्या चाकाचे दोनदाच."

"त्याचेच का कमी?"

"तेव्हा तू आप्पा आणि त्या पूर आलेल्या पुलाचं सांगत होतीस. लक्ष तिकडे गेलं. आणि मग गाडी पुलावर चढली की नाही ते सांगायच्या आधी तू पाना मागितलास."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून, काहीतरी पुटपुटत पुढे गेला. मग तिने हँडब्रेक खाली केला, पहिला गिअर टाकला आणि गाडी उताराला सोडली.

"चढली," ती म्हणाली. "आप्पा म्हणाले, काचा वर कर. म्हटलं, आप्पा, माझ्या बाजूची काच वर होत नाही, तुम्हीच तिथे पट्टी लावलीय. तर म्हणाले, मग पाय वर कर..."