आवृत्ती जुनी होती

लिफ्टवाल्याने नेटवर्किंगचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि जमा करून घ्या म्हणाला. गेले आठ महिने ते त्याच्याकडेच होतं. दर पंधरा दिवसांनी तो मुदत वाढवून घ्यायला यायचा, ग्रंथपालबाई विचारायच्या कुठवर आलात, आणि तो पानाचा आकडा सांगायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून वहीत एक आणि शून्य मांडत राहायचा. त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. नेटवर्कच्या कामाचं प्रमाणपत्र मिळालं तर निदान सपाट जमिनीवरची नोकरी मिळेल, असा त्याचा साधा हिशेब होता.

परीक्षा कशी झाली, असं बाईंनी विचारलं.

"गेली. थोडक्यात गेली, पण गेली. निम्मे प्रश्न असे होते, की हे आपण कधी वाचलंच नाही असं वाटलं. पुस्तक दोनदा वाचलंय मी, मॅडम. डोकंच जाड, दुसरं काय."

मग त्याने सभासदत्व रद्द करायचा फॉर्म मागितला आणि तो भरायला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

परतीची तारीख टाकताना बाईंनी सवयीने पहिलं पान उलटलं आणि त्यांची नजर अभ्यासक्रमाच्या वर्षावर अडली. समोरच्या संगणकावर त्यांनी परीक्षेचं संकेतस्थळ उघडलं. तो अभ्यासक्रम बंद होऊन चार वर्षं झाली होती. नव्यात वायरलेसचे आणि सुरक्षेचे विषय वाढले होते, आणि या पुस्तकात त्यांचा पत्ता नव्हता. पुस्तक बाईंनीच मागवलेलं, बाईंनीच त्याच्या हातात दिलेलं. एकोणीस वर्षं स्पर्धा परीक्षांची ही मांडणी त्या सांभाळत होत्या. अमुक परीक्षेला अमुक पुस्तक घ्या, हे त्या छातीठोकपणे सांगायच्या आणि लोक ऐकायचे.

गप्प बसणं सोपं होतं. त्याला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खिडकीपाशी तो फॉर्ममधल्या 'कारण' या रकान्यावर पेन टेकवून थांबला होता, आणि तिथे तो काय लिहिणार हे बाईंना दिसत होतं. त्यांनी त्याला परत बोलावलं.

"तुमच्या डोक्याचा काही दोष नाही. हे पुस्तक बंद झालेल्या अभ्यासक्रमाचं आहे. मी तपासून द्यायला हवं होतं, तपासलं नाही."

त्याने ते पान बराच वेळ पाहिलं. नंतर अर्धवट फॉर्म टेबलावरच टाकून पिशवी उचलली आणि निघून गेला. दोन शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

घरी गेल्यावर त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती एका कंपनीत नेटवर्कचंच काम बघायची आणि तोंडाची फटकळ होती. ताई, तू पुस्तकं काय कव्हर बघून घेतेस का, इथून तिने सुरुवात केली. पण मग नीट समजावलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेची विषयांची यादी असते, कोणत्या विषयाला किती टक्के गुण हेही त्यात असतं. ती छाप आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ओळ न् ओळ ताडून बघ. नुसतं पुस्तक पुरणार नाही, हात चालवायला हवा. खोट्या केबली आणि खोटे राउटर जोडून बघता येतात असं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते वाचनालयाच्या संगणकावर घालून घे. आणि फुटलेल्या प्रश्नांचे संच कोणी गळ्यात मारायला आलं तर त्याला दारातूनच वाटेला लाव. ते पाठ करून पास झालेली माणसं कामावर येतात आणि पहिल्याच बिघाडाला त्यांचं तोंड उतरतं.

बाईंनी विक्रेत्याकडून तीन पुस्तकं पाहायला मागवली आणि जेवणाच्या टेबलावर यादी शेजारी ठेवून बसल्या. पहिलं लगेच बाद झालं, तीन विषय त्यात नव्हतेच. उरली दोन. एक चित्रांचं, बोट धरून चालवल्यासारखं. दुसरं विटेएवढं आणि कोरडं ठक्क. मोठ्या नेटवर्कचे लहान लहान भाग कसे पाडायचे, हा एकच धडा बाईंनी दोन्हींत वाचला. चित्रांच्या पुस्तकातून तो एका बैठकीत समजला आणि त्या स्वतःवर खूश झाल्या. विटेतून तिसऱ्या वाचनाला समजला. मात्र विटेतल्या वीस उदाहरणांपैकी अकरा चुकली, तेव्हा समजलं होतं ते किती, हेही समजलं.

वाचनालयाला एकच घेण्याची मंजुरी होती. कोणतं घ्यावं, हे ज्याला परीक्षेला बसायचं आहे त्यालाच विचारायला हवं. बाईंनी नोंदवहीतून लिफ्टवाल्याचा नंबर काढला. तो म्हणाला, एका सहा मजली इमारतीत लिफ्ट अडकली आहे, मला हलता येणार नाही. तेव्हा बाईच दोन्ही पुस्तकं घेऊन निघाल्या, आणि लिफ्ट बंद म्हणून सहा मजले हाशहुश करत चढल्या.

गच्चीवरच्या खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता. तो कंट्रोल पॅनल उघडून बसला होता. बाईंना पाहून त्याने चिंधीला हात पुसले, आपली पेटी त्यांना बसायला दिली आणि दोन्ही पुस्तकं मागच्या बाजूने उघडली.

"बिघाड कसा शोधायचा, ते आधी बघतो. लिफ्टच्या मॅन्युअलचंही तसंच करतो. सगळं धड चालत असताना काय करायचं, ते कोणीही सांगेल."

चित्रांच्या पुस्तकात बिघाडाला चार पानं होती. विटेत प्रत्येक धड्याच्या शेवटी एक बंद पडलेलं नेटवर्क काढून, हे का चालत नाही, असं विचारलं होतं. त्यातल्या एका आकृतीत तो गुंतला. एकेका केबलवरून बोट फिरवत तिचा माग काढत गेला.

"ही केबल चुकीच्या पोर्टला आहे," तो म्हणाला. बाईंनी उत्तर उघडून पाहिलं. बरोबर होतं.

"हेच घ्या, मॅडम." मग पानांवर तेलाचा डाग पडला नाही ना, हे बघत तो म्हणाला, "त्या दिवशी राग आला होता मला. तसाच घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, निम्मा अभ्यास हातात नसताना थोडक्यात गेली, मग तुमचं डोकं जाड कसं?"

सभासदत्वाचा अर्धवट भरलेला फॉर्म बाईंनी फाडून टाकला. वीट वाचनालयाने घेतली. चित्रांचं पुस्तक धाकटीने भेट दिलं. पहिल्या पानावर 'ताईच्या प्रायश्चित्तासाठी' असं ती लिहायला निघाली होती, ते बाईंनी होऊ दिलं नाही. लिफ्टवाला पाच महिने आधी चित्रांचा धडा, मग विटेतली उदाहरणं, मग संगणकावर जोडाजोड, अशा क्रमाने बसला आणि पास झाला. लिफ्ट लगेच सुटल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी एका कॉलेजात त्याला नेटवर्कचं काम मिळालं, तळमजल्यावर.

त्याचा अभ्यास चालू असतानाच बाईंनी परीक्षांची सगळी मांडणी खाली उतरवली होती आणि एकेक पुस्तक ताडून पाहिलं होतं. आणखी सात कालबाह्य निघाली. ती कोणी कोणी नेली होती, ते नोंदवहीतून काढून त्यांनी फोन लावायला घेतले. एकाने उचलला नाही. एकाने, मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं, असं प्रांजळपणे सांगितलं. एक बाई नेलेल्या जुन्या पुस्तकावरच हिशेबनिसाची परीक्षा पास झाल्या होत्या आणि पुढच्या पातळीचं आहे का, असं विचारत होत्या. शेवटचा नंबर नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा होता. तिची परीक्षा अकरा दिवसांवर होती, आणि पुस्तक आत्ता तिच्यासमोर उघडं होतं.

"ते बंद कर," बाई म्हणाल्या. "आज किती वाजेपर्यंत येऊ शकशील?"