बिनघंटेची रुग्णगाडी

मित्रांनो, माझ्या अंगाला सुक्या मासळीचा वास येतो, कडांवर कोळशाची काजळी आहे आणि माझ्या एका चाकाचा टायर दुसऱ्याशी जुळत नाही. मला पाहून कुणीही म्हणेल, ही तर बाजारची मालगाडी. पण मी रुग्णगाडी आहे. सायकलच्या मागे जोडायची, दोन चाकांची, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. माझी ही दशा कशी झाली हे ऐकाल तर तुम्हीही माझ्यासारखेच हबकाल.

माझा जन्म मलावीतल्या एका विद्यापीठाच्या कार्यशाळेत झाला. तिथल्या मुलांना एक नियम होता. दरवर्षी एखाद्या गावात जाऊन राहायचं, गावाची अडचण समजून घ्यायची आणि गावासोबत काहीतरी उपयोगाचं करायचं. त्याचे परीक्षेत गुणही मिळत. वेझी नावाची एक हुशार मुलगी आपल्या गटासोबत चिम्फेपो गावात आली. दवाखाना दलदलीच्या पलीकडे, फार लांब. बाळंतपणासाठी बायका चालत निघत आणि कधीकधी वाटेतच अडत. मुखियांच्या अंगणात सभा भरली. वेझीने पाटीवर माझं चित्र काढून दाखवलं. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, आणि माझं नशीब ठरलं.

वेझीने माझ्या लोखंडी नळ्या स्वतः जोडल्या. वितळलेल्या लोखंडाची ठिणगी उडून तिच्या मनगटाला डाग पडला, तरी ती हटली नाही. मला लालभडक रंग दिला. पुढे पितळी घंटा बसवली आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आईची गाडी’. खोटं कशाला बोलू, मला माझ्या रूपाचा फार गर्व होता.

गावात माझी मिरवणूक निघाली. बायकांनी गाणी म्हटली, मुखिया स्वतः माझ्यात बसून एक फेरी मारून आले. सायकलच्या मागच्या सीटवर सवाऱ्या नेणारा लायसन माझा चालक ठरला. मग मी पहिल्या आईची वाट पाहू लागले.

वाटच पाहत राहिले. गावात पोरं जन्मत होती, पण माझ्याकडे कुणी फिरकेना. एकदाच मला बाहेर काढलं. मुखियांचे मेहुणे पिऊन नाल्याकाठी पडले होते, त्यांना घरी पोचवायला. लायसनने वाटभर घंटा वाजवली आणि सारा गाव खो खो हसला. आपलं काय चुकलं हे मला काही केल्या कळेना.

पुढच्या वर्षी विद्यापीठाचे लोक मला बघायला येणार होते. त्या सकाळी मला घासूनपुसून अंगणात उभं केलं. समोरच्या वाटेने एनेलेसी चालली होती. लग्न होऊन वर्ष झालेली, कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं, खांद्यावर कुदळ. मागून तिच्या आजी नाम्बेवे डोक्यावर बादली घेऊन. मका केव्हाच खुडून झाला होता, शेतात काही काम उरलं नव्हतं. हे मला दिसलं, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पाहुणे आले. वेझीच्या सरांनी मुखियांना विचारलं, “मग, किती आयांना नेलं आपल्या गाडीने?”

“पुष्कळ, सर, पुष्कळ!” मुखिया हसून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थक्क झाले. दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर, एवढं धडधडीत खोटं! आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

टाळ्या अजून चालूच होत्या तेवढ्यात दलदलीच्या बाजूने रडणं ऐकू आलं. दलदलीकडून सवारी घेऊन येणाऱ्या लायसनने एनेलेसीला हातांवर उचलून आणलं होतं. ती जिवंत होती. नाम्बेवे आजींच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता.

वेझी धावत गेली. “आजी, गाडी इथेच उभी होती! एक हाक मारायची ना!”

आजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेल्या. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या नजरेने मी थिजले. एक बाळ वाटेत गेलं आणि मी नवीकोरी, तेल घातलेली, चार पावलांवर उभी होते.

त्यानंतर मुखियांना मी डोळ्यांसमोर नकोशी झाले. माझी रवानगी आजींच्या परसात झाली. घंटा गंजली, माझ्यात कोंबडी अंड्यांवर बसू लागली.

सुट्टी लागली तेव्हा वेझी पुन्हा आली. या वेळी एकटीच. ना गट, ना प्रश्नांचे कागद. आजींच्याच घरी राहिली. पाणी भरलं, मका कांडला, चुलीवर मक्याच्या पिठाचा घट्ट नसिमा ढवळायला शिकली.

“हा नसिमा आहे की रस्त्यावरची खडी?” आजी गोळे फोडत म्हणाल्या. “लग्न झालं तर नवरा घास गिळायच्या आधी माहेरी परत पाठवेल तुला.”

“मग मी इथेच राहीन, आजी.”

“नको गं बाई! माझे आहेत तेवढे दात तरी राहू देत.”

अशा चेष्टेत बरेच दिवस गेले. एकदा दोघी परसात कणसं सोलत बसल्या होत्या.

“आजी, एक विचारू?”

“इतके दिवस विचारलं नाहीस म्हणूनच तर तुला जेवू घालतेय. विचार.”

“एनेलेसी गाडीत का नाही बसली?”

आजींनी हातातलं कणीस खाली ठेवलं. “पोरी, कळा सुरू झाल्या की कुणाला कळू द्यायचं नसतं. शेजारणीलासुद्धा नाही. कुणाची दृष्ट लागली तर मूल आतच अडतं. म्हणून कुदळ घ्यायची नि शेताला निघाल्यासारखं निघायचं. आणि तुम्ही काय आणलंत? लाल गाडी, वर घंटा, वर हातभर अक्षरं! त्यापेक्षा ढोल बडवून सांगायचं ना, बघा हो, एनेलेसीला कळा येताहेत!”

मी ऐकून हादरले. ज्या रंगाचा, ज्या घंटेचा मला एवढा तोरा होता, त्यांनीच त्या आईला माझ्यापासून लांब पळवलं होतं.

“मग सभेत का नाही सांगितलंत?” वेझीने विचारलं.

“सभेत पुरुष होते. आणि पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? तू इतकं मनापासून सांगत होतीस. इथे टाळी म्हणजे आभार गं, होकार नव्हे.” आजींनी कणीस पुन्हा उचललं. “पण त्या टाळ्या मला अजून झोपू देत नाहीत. मीही वाजवल्या होत्या.”

वेझी म्हणाली, “आणि मी सगळी मापं घेतली. रस्त्याची, चाकांची, माणसाच्या उंचीची. तुमच्याजवळ बसायचं तेवढं राहिलं.” मग दोघी रडल्या.

पुढच्या खेपेला विद्यापीठाच्या मुली आल्या त्या थेट आजींच्या घरात, बायकांमध्ये बसल्या. पुरुषांना बाहेर ठेवलं, सरांनासुद्धा. दार उघडलं तेव्हा माझा निकाल लागला होता. अक्षरं खरवडा. घंटा काढा. रंग मातकट करा. वर वेताच्या कमानी आणि गोणपाट घाला. आणि रोज हिच्यातून काही ना काही न्या, म्हणजे ही दिसली तरी कुणी मान वळवणार नाही.

“रुग्णगाडीत मासळी?” सर डोळे विस्फारून म्हणाले. माझीही तीच अवस्था होती. वेझीने मात्र हट्ट धरला, खालची फळी धुता येईल अशी हवी आणि आईसाठी वेगळी स्वच्छ चटई गुंडाळून ठेवलेली हवी. बायकांनी ते मानलं. मुलींनी खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा लावल्या. त्या दिवसापासून मी बकऱ्या वाहिल्या, कोळसा वाहिला, सुकी मासळी वाहिली. फार अपमान वाटे. पण अधूनमधून एखाद्या सकाळी फळी चकचकीत धुतली जाई, चटई अंथरली जाई, आणि मला कळे की आज मी खरी मी आहे.

काही वर्षं गेली. एनेलेसीला पुन्हा दिवस गेले. बाजारच्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. तिला आत निजवून वर गोणपाट ओढलं, त्यावर रताळी पसरली. लायसन सायकल मारू लागला, आजी शेजारून चालू लागल्या. बाजाराच्या तोंडाशी गर्दीत वाट अडली, आणि पाहते तर समोर वेझी! आता ती स्वतः शिकवत होती. नव्या मुलामुलींचा घोळका घेऊन आली होती.

“सायकलवाले दादा, रताळी कशी दिली?” एका मुलाने माझ्या कडेवर हात ठेवला. आत एनेलेसीने कापडाचा बोळा दातांत धरला होता. तिचा थरथराट मला फळीतून जाणवत होता. एक हुंकार बाहेर पडला असता तर सगळ्या बाजाराने वळून पाहिलं असतं.

“किडकी आहेत रे बाबा,” आजी म्हणाल्या, “डुकरांना घालायला नेतोय.” आणि त्यांनी वेझीकडे पाहिलं.

वेझीची नजर माझ्यावर आली. माझा प्रत्येक सांधा तिने जोडला होता.

“मॅडम,” तो मुलगा म्हणाला, “तुम्ही सांगितलेली ती रुग्णगाडी हीच का?”

“छे!” वेझी हसून म्हणाली. “ही रताळ्यांची गाडी आहे. बाजूला व्हा, म्हाताऱ्या बाईची वाट अडवू नका.”

मित्रांनो, जिने मला घडवलं तिनेच भर बाजारात मला ओळख दाखवली नाही. मला धक्का बसला, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की दवाखान्यापर्यंत माझं एकही चाक कुरकुरलं नाही. तिथे दाराबाहेर उभी असताना आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. चांगलं ठणठणीत, सगळ्या दवाखान्याला जागं करणारं. आजी मटकन माझ्या दांडीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

आता माझं वय झालं आहे. वेझीचे विद्यार्थी येतात, आधी बायकांजवळ बसतात, मग हातात पाना घेतात. तुम्हीही कधी कुणाच्या गावाला मदत करायला गेलात तर तसंच करा. माझ्यासारखी गाडी दिसली तर तिच्या चाकांना तेल घाला, फळी स्वच्छ धुवा. फक्त ती रस्त्याने जात असेल तेव्हा आत काय आहे, असं विचारू नका.