दोरीची ड्युटी

कोंडीराम हवालदारांनी टाचा जुळवून मानसीला कडक सॅल्यूट ठोकला, तसा हॉलमध्ये हशा पिकला. काळाचौकीत पोलिसांचं शिबिर चाललं होतं. विषय, मानवी हक्क आणि बंदोबस्तातला महिलांचा सहभाग. शिकवायला आलेल्या ऋता मॅडमनी नाटुकल्यासाठी दोघांच्या भूमिकांची अदलाबदल केली होती. शिपाई मानसी आता साहेब, आणि हवालदार तिच्या हाताखाली.

"बोला साहेब, विसर्जनाला कुठे उभा राहू?"

मानसीने घसा खाकरला. "काका, तुम्ही चौकीत बसा. वायरलेस सांभाळा. बाहेर फार धक्काबुक्की असते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दर गणपतीत काका तिला हेच ऐकवायचे. तिला मात्र गर्दी थोपवणाऱ्या दोरीवर उभं राहायचं होतं; त्यासाठीच तर ती पोलिसात आली होती.

कोंडीराम भडकले. "म्हणजे? मी काय कामातून गेलो? अख्खी नोकरी दोरीवर काढली मी, तुझ्या बापाच्या जोडीनं!"

"काळजीपोटीच सांगतेय, काका."

"खड्ड्यात गेली तुझी काळजी! माणसाला वर्दी द्यायची आणि कोपऱ्यात बसवायचं, हा काय..."

बोलता बोलता त्यांची नजर समोर गेली. सगळे हसत होते, मानसीचे डोळे मात्र भरले होते.

"मलाही असंच वाटतं हो, काका."

ऋता मॅडमनी चहाची सुट्टी दिली.

माणूस तापट, पण भारी मायाळू. आणि अशा माणसाला समजावणं म्हणजे महाकठीण काम. पण त्या दिवशी ते स्वतःच दोन कप चहा घेऊन तिच्याजवळ आले.

"यंदा दोरीवर ये. माझ्या शेजारी."

"खरंच?"

"ऐक आधी." त्यांनी खिशातला मोठा रुमाल काढून त्याला पीळ दिला. "दोरी अशी नुसती मुठीत धरायची. मनगटाला गुंडाळायची नाही. गुंडाळली तर गर्दी लोटली की हात सुटत नाही. तुझ्या बापानं, लवूनं, गुंडाळली होती. त्याचा हात अधू झाला ना, तेव्हा मी शेजारीच होतो गं. काही करता आलं नाही मला."

मानसीने कप खाली ठेवला आणि रुमालाचं दुसरं टोक मुठीत घट्ट धरलं. कोंडीरामांनी हलकेच ओढून पाहिलं.

"असं नाही, काका," ती म्हणाली. "गर्दीसारखं ओढा."