टीव्हीचा आवाज बारीक करा

आमच्या चॅनेलचं नाव ‘धिंगाणा’ होतं तोवर अमरावतीत ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पोरापोरींनी फोन करायचा, मी दोन शब्द बोलायचे, गाणं लावायचं. पडद्यावर नुसतं गाणं दिसे. माझं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण आचल म्हटलं की आवाज सगळे ओळखत.

परतवाड्याहून प्रीतमचा रोज दुपारी फोन यायचा. फुलांचं दुकान त्याचं. “टीव्हीचा आवाज बारीक करा,” असं मी सगळ्यांनाच सांगायचे, नाहीतर फोनमध्ये आमचंच बोलणं घुमत राहतं. हा बाबा आवाज पार बंद करायचा. मग हार गुंफून हात ओले, म्हणून गाणं लागलं तरी रिमोटला हात लावायचा नाही. स्वतःच मागितलेल्या गाण्याचं पहिलं कडवं दरवेळी हुकायचं. त्यावरून मी त्याला कितीदा चिडवलं असेल.

“कोणतं लावू?”

“तुमच्या आवडीचं.”

“मले तर हेच आवडते,” म्हणून मी लावून द्यायचे.

बस, इतकंच. पण त्याचा फोन आला नाही की मला घरी जेवण जायचं नाही. भेटू म्हणायची हिंमत त्याला झाली नाही आणि मलाही नाही.

मग आमचे मालक नितेश सर, त्यांच्या डोक्यात भरलं की पोरं मोबाइलकडे पळाली, चॅनेलला नवं रूप हवं. नाव ठेवलं ‘यू फ्रेश’. साबणाला शोभलं असतं. भिंती जांभळ्या झाल्या, माइक नवे आले. फोन मात्र तोच जुना डबडा, नंबरसुद्धा न दाखवणारा. माझं नाव रिया केलं आणि समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मले’ नाही, ‘मला’.

“वऱ्हाडी बोलली की चॅनेल गावठी वाटते, आचल,” असं म्हणून त्यांनी बायकोचा फोन उचलला. “काहून वो, काय झालं?”

शनिवारी नवं चॅनेल सुरू झालं. पाहुणे, पेढे, फोटो. पुण्याची पोरगी बोलावी तशी मी आवाज बदलून, घोटून घोटून बोलत होते.

“नमस्कार, ‘यू फ्रेश’मध्ये आपलं स्वागत. मी रिया. कृपया टीव्हीचा आवाज कमी करा.”

“बंदच केला जी.”

प्रीतम!

“आचल कुठी गेली? तुमी नव्या काय?”

सर काचेपलीकडून त्या अक्षरांवर बोट ठेवून उभे होते. “आपल्याला कोणतं गाणं ऐकायला आवडेल?” मी विचारलं.

“गाणं राहू द्या, मॅडम. आचलले एक निरोप सांगजा. उद्या घरचे मले अकोल्याले पोरगी पाहाले नेऊन राहिले. तिनं नोको जाऊ म्हनलं, तं मी जात नाही. तिच्या मनात नसन, तं राग नाही.”

माझ्याशी तो इतकं सरळ कधी बोलला नव्हता. बोलला तो रियाशी. माझं तोंड उघडायच्या आत सरांनी फोन तोडून गाणं लावलं.

“नोको जाऊ!” मी ओरडले. “प्रीतम, मीच आचल आहो! नोको जाऊ!”

माइक चालू होता. अख्ख्या अमरावतीनं ऐकलं. लोकांना वाटलं, नव्या चॅनेलसाठी रचलेलं नाटक आहे, आणि ते इतकं आवडलं की फोन थांबेनात. बडनेऱ्याहून आले, मूर्तिजापूरहून आले. प्रीतमचा आला नाही. त्याच्या टीव्हीचा आवाज बंद होता, आणि तो बंद करायला मीच शिकवलं होतं.

रविवारी कार्यक्रम नसतो. तरी मी दिवसभर त्या डबड्याजवळ बसून राहिले.

सोमवारी सरांनी काच स्वतः पुसली. राजकमल चौकात बॅनर लागलं, ‘मले आवडते! रोज दुपारी, आचलसोबत’. माझं नाव परत मिळालं, माझी बोली परत मिळाली. दुपारी फोन वाजला.

“कोन बोलून राहिले? टीव्हीचा आवाज बारीक करा.”

“आचल! तुमी हायच काय? मले वाटलं, सोडून गेल्या.” मग म्हणाला, “काल जाऊन आलो. पसंती झाली. गुरुवारी साक्षगंध, आंगठी घालाची हाय.”

“छान झालं.”

“त्या मॅडमनं निरोप देल्ला होता काय?”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण तिकडे अकोल्यात एका पोरीनं त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली होती, आणि होय म्हटलं होतं.

“देल्ला होता,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला. “राग नाही.”

“कोणतं लावू?”

“तुमच्या आवडीचं.”

“मले तर हेच आवडते.”

मी फोन ठेवून गाणं लावलं. त्याचे हात ओले असणार, पहिलं कडवं संपेपर्यंत त्याला काही ऐकू येणार नव्हतं. बाकीच्या अमरावतीला नाटक वाटलं तर वाटो. मी माइक चालू ठेवला आणि त्याला सगळं सांगून टाकलं.